गुलामगिरीच्या इतिहासाचं संशोधन : शिष्यवृत्ती मिळवायची तर

१८९० साली अमेरिकेत एक बातमी छापून आली. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी असलेल्या स्लेटर फंडाचे प्रमुख, माजी राष्ट्राध्यक्ष रदरफोर्ड हेज म्हणाले होते की, युरोपात उच्च शिक्षणाला पाठवण्यासाठी पैसे आहेत, पण त्या तोडीचा कृष्णवर्णीय तरुण सापडत नाही. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी अर्ज केला. उत्तर आलं की, ती योजना आता बंद झाली आहे. ड्यू बॉईस यांनी हेज यांना खरमरीत पत्र लिहिलं, पुढच्या वर्षी पुन्हा मागणी केली आणि १८९२ मध्ये रक्कम मंजूर करून घेतली. निम्मी अनुदान म्हणून, निम्मी कर्ज म्हणून. त्या पैशावर ते बर्लिनला शिकले. १८९५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले आणि आफ्रिकेतून अमेरिकेत होणारा गुलामांचा व्यापार कसा मोडून काढला गेला, यावरचा त्यांचा प्रबंध १८९६ मध्ये हार्वर्डच्या इतिहासमालेचा पहिला ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला.

एरिक विल्यम्स यांचंही असंच. त्रिनिदादमधल्या एका टपाल कर्मचाऱ्याचा हा मुलगा वसाहतीची सरकारी शिष्यवृत्ती मिळवून १९३२ मध्ये ऑक्सफर्डला गेला. १९३८ मध्ये डॉक्टरेट झाली. पुढे अमेरिकेतल्या रोझेनवाल्ड फंडाच्या पाठ्यवृत्तीवर त्यांनी क्यूबा, हैती, पोर्तो रिको पालथं घातलं आणि १९४४ मध्ये ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ हा ग्रंथ आला. ब्रिटनने गुलामगिरी केवळ दयाबुद्धीने सोडली, या समजुतीला त्या ग्रंथाने दिलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

या दोघांनाही गुलामगिरीच्या इतिहासाची पाटी लावलेली शिष्यवृत्ती मिळाली नव्हती. मिळेल तो सर्वसाधारण पैसा त्यांनी एका नेमक्या प्रश्नाकडे वळवला. मराठी विद्यार्थ्याने सर्वांत आधी हेच ध्यानात घ्यावं. नुसत्या ‘गुलामगिरी’ या विषयासाठी मिळणारी शिष्यवृत्ती शोधत बसलं तर हाती फार थोडं लागतं. प्रश्न ठरलेला असेल, तो कोणत्या कागदपत्रांतून सुटणार हे माहीत असेल आणि ते कागद वाचता येत असतील, तर एरवी इतिहासाशी संबंध नसलेल्या निधीचीही दारं उघडतात.

मग प्रश्न कुठला निवडावा? अटलांटिक महासागरातल्या व्यापारावर प्रचंड काम झालं आहे. ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ या मोफत ऑनलाइन माहितीसाठ्यात ३६ हजारांहून अधिक जलप्रवासांच्या नोंदी आहेत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली आणि त्यांतली सुमारे एक कोटी सात लाखच जिवंत उतरली, हा अंदाज याच कामातून आला. त्या मानाने हिंदी महासागराच्या बाजूचं काम कितीतरी मागे आहे. एक कारण भाषांचं आहे. अरबी, गुजराती, पोर्तुगीज, डच, फारसी आणि मोडीतली मराठी वाचणारे संशोधक थोडे. इथे मराठी विद्यार्थ्याचं पारडं जड ठरतं, आणि निवड समितीपुढे ते जड आहे हे दाखवून द्यायला त्याने मुळीच संकोचू नये.

उदाहरण नाशिकचं घ्या. शरणपूर रोड नाशिककरांच्या रोजच्या पायाखालचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती आणि तिच्यात आफ्रिकी मुलांसाठी आश्रयस्थान होतं. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामवाहू गलबतं पकडत असे. त्यांतून सोडवलेली मुलं मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली काही शरणपूरला पाठवली जात. तिथे ती शिकली, सुतारकाम-लोहारकामासारखे हुन्नर शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात धर्मोपदेशक आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचं शव शेकडो मैल किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या तुकडीत वेनराइट होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत झालेल्या अंत्यविधीतही तो खांदेकऱ्यांत होता. याच सुमारास नाशिकमधले अनेक आफ्रिकी मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनला गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचंच नाव त्या वसाहतीला दिलेलं आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे कागद आज बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी रिसर्च लायब्ररीत आहेत आणि सरकारी पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात. म्हणजे एकाच प्रश्नाचे दोन धागे दोन देशांत. अशा प्रश्नाला प्रवासखर्च मागण्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

मुंबईच्या काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या या पुराभिलेखागाराकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने पदवीच्या वर्षांतच एकदा जावं. मुंबई सरकारच्या राजकीय खात्याच्या दप्तरांत गुलामांच्या व्यापाराविषयीचे स्वतंत्र खंड आहेत. इराणच्या आखातातला ब्रिटिश कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली चालत असल्याने मस्कत, बुशहर, झांजीबारच्या बातम्या इथे येत. त्याच व्यवहाराची लंडनकडची बाजू, म्हणजे ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची कागदपत्रं, ‘कतार डिजिटल लायब्ररी’वर घरबसल्या मोफत वाचता येतात. मुक्ततेचा दाखला मागायला ब्रिटिश कचेऱ्यांत आलेल्या माणसांचे जबाब त्यांत आहेत. आपण कुठले, कसे पळवले गेलो, कुणी विकलं, हे ती माणसं सांगतात. कारकुनाने इंग्रजीत उतरवलेलं, काटछाट केलेलं असलं, तरी गुलाम माणसाचा आवाज इतक्या जवळून फार थोड्या ठिकाणी ऐकू येतो.

पुण्याच्या पेशवे दप्तरातही हा इतिहास आहे आणि तो आपल्या घरातला आहे. अठराव्या शतकातल्या सरकारी कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, किल्ल्यांवर, कोठारांत, पागांत राबत. त्यांची खरेदी-विक्री होई, एकीकडून दुसरीकडे त्या इनाम दिल्या जात. बदकर्माचा आरोप ठेवून सरकारने बायकांना गुलामीत ढकलल्याच्या नोंदीही आहेत. जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा आणि त्यांच्यानंतर सुमित गुहा यांनी या कागदांवर महत्त्वाचं काम केलं. गुहा यांचा लेख इंद्राणी चॅटर्जी आणि रिचर्ड ईटन यांनी संपादित केलेल्या ‘स्लेव्हरी अँड साउथ एशियन हिस्ट्री’ (२००६) या ग्रंथात आहे. याच ग्रंथात ईटन यांनी दख्खनमधल्या लष्करी गुलामगिरीबद्दल लिहिलं आहे. इथिओपियात जन्मून, विकला जात जात अहमदनगरला पोहोचलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता झालेला मलिक अंबर त्या चौकटीत समजून घेता येतो. विषय निवडण्याआधी हा एक ग्रंथ वाचलाच पाहिजे. पेशवाईतली कुणबीण हा विषय अजून एखाद्या तरुण अभ्यासकाची, विशेषतः स्त्री अभ्यासकाची, वाट पाहतो आहे.

गोव्याचं दालन तर आणखी मोठं. डच प्रवासी लिन्सोटेन १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिला. तिथल्या बाजारात माणसं कशी विकली जात, याचं वर्णन त्याने केलं आहे. मोझांबिकहून गोवा, दमण, दीवला आफ्रिकी गुलाम येत राहिले. पोर्तुगालने १८३६ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारं फर्मान काढलं, १८४२ मध्ये ब्रिटनशी करार केला, तरी गुलामगिरी लगेच संपली नाही. जेनेट पिंटो यांचं पोर्तुगीज भारतातल्या गुलामगिरीवरचं पुस्तक १९९२ साली आलं. त्यानंतर या विषयावर स्वतंत्र, सलग काम किती थोडं झालं, हे पाहून वाईट वाटतं. पणजीच्या पुराभिलेख खात्यात कागद आहेत, पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आहे, गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकायची सोय आहे. लिस्बनच्या सागरपार वसाहतींच्या अभिलेखागारात आणि तोरे दो तोंबोत उरलेला भाग आहे. कोकणी-मराठी येणाऱ्या मुलाने दोन वर्षं मन लावून पोर्तुगीज केली, तर त्याच्या अर्जाला तोड देणारे उमेदवार फारसे उरत नाहीत.

आता पैशाकडे वळू.

देशातल्या देशात पीएच.डी. करायची, तर पहिला आधार यूजीसीच्या नेट परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीचा. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये, वर घरभाडं असा तिचा दर आहे. भारतीय इतिहास संशोधन परिषदेकडे पीएच.डी.च्या पाठ्यवृत्तीबरोबर अभ्यास-प्रवासासाठीही अनुदान असतं. अभिलेखागार गाठण्यासाठी ते उपयोगी पडतं आणि विद्यार्थी ते मागायलाच विसरतात. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि नागपूरची महाज्योती या संस्था आपापल्या समाजगटांतल्या पीएच.डी. करणाऱ्यांना पाठ्यवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती ठरल्या महिन्यात निघतीलच असं नाही, म्हणून जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, नोंदणीचं पत्र ही कागदपत्रं आधीच तयार ठेवलेली बरी.

परदेशी जाण्यासाठीच्या सरकारी योजनांत मात्र अटी नीट वाचाव्या लागतात. त्या न वाचल्याने होणारं नुकसान वर्षभराचं असतं. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी आहे. २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळण्यात आले. म्हणजे पेशवाईतली किंवा गोव्यातली गुलामगिरी हा विषय अर्जात लिहिला, तर तो तिथेच अडकतो. जमैका किंवा झांजीबारचा विषय अडकत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी वेठ आणि दास्य भोगलं, त्यांच्याच मुलांना तो इतिहास बाहेर जाऊन अभ्यासता येऊ नये, ही अट अन्यायाची आहे. पण ती ठाऊक नसणं जास्त महागात पडतं. अर्ज करण्याच्या वर्षीची नियमावली शब्दन्‌शब्द वाचावी.

राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, साधारणपणे पहिल्या २०० मध्ये असण्याची. गुलामगिरीच्या अभ्यासात तिचा परिणाम थेट जाणवतो. ब्रिटनमधल्या हल विद्यापीठाची विल्बरफोर्स इन्स्टिट्यूट ही २००६ पासून या विषयालाच वाहिलेली संस्था. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे विल्यम विल्बरफोर्स हल शहरातच जन्मले आणि त्यांच्या घराचं आता संग्रहालय आहे. पण हल विद्यापीठ त्या क्रमवारीत बसत नाही. तिथे जायचं असेल, तर विद्यापीठ स्वतः जाहीर करतं त्या पीएच.डी. शिष्यवृत्त्यांवर लक्ष ठेवायला हवं. याउलट लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज क्रमवारीत वर आहे आणि ब्रिटिश गुलामगिरीच्या वारशाचं अभ्यासकेंद्रही तिथेच आहे. गुलामगिरी संपवणाऱ्या १८३३ च्या ब्रिटिश कायद्यानंतर गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली आणि मुक्त झालेल्यांना छदामही मिळाला नाही. त्या भरपाईची मालकागणिक नोंद या केंद्राने सर्वांसाठी खुली केली आहे.

ब्रिटनच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. तिथल्या पुष्कळ पीएच.डी. शिष्यवृत्त्या स्थानिक विद्यार्थ्याच्या फीइतकीच रक्कम भरतात. परदेशी विद्यार्थ्याची फी कितीतरी जास्त असते आणि तो फरक कोण भरणार, हे जाहिरातीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तिथल्या सरकारी संशोधन परिषदांनी २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही पूर्ण शिष्यवृत्ती खुली केली, मात्र त्यांचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवलं. त्यामुळे ‘फीचा फरक विद्यापीठ माफ करतं का?’ हा प्रश्न पहिल्याच ईमेलमध्ये विचारावा. यात लाजण्यासारखं काही नाही.

फेलिक्स शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांना ऑक्सफर्ड, लंडनचं सोआस आणि रेडिंग या विद्यापीठांसाठी मिळते. ती हुशार पण ऐपत नसलेल्या मुलांसाठी आहे. आफ्रिका आणि आशिया दोन्ही एका छताखाली असलेलं सोआस या विषयाला फार सोयीचं. कॉमनवेल्थ, ऱ्होड्स, गेट्स केंब्रिज, इनलॅक्स यांचे अर्ज सर्वांना माहीत असतात. चीव्हनिंग एका वर्षाच्या एम.ए.साठी आहे आणि तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. मुंबईच्या जे. एन. टाटा एन्डॉवमेंटचा पैसा हा कर्जरूपाने असतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

युरोप खंडात चित्र वेगळं आहे. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात २०१९ पासून गुलामगिरी आणि परावलंबन यांच्या अभ्यासाचं मोठं केंद्र उभं राहिलं. तिथे वसाहतींपुरतं न थांबता प्राचीन काळापासून आशियापर्यंतची गुलामगिरी अभ्यासली जाते. शिक्षणशुल्क जवळपास नाही. अशा केंद्रांचा निधी ठरावीक मुदतीचा असतो, त्यामुळे यंदा जागा आहेत का, हे त्यांच्याकडूनच विचारून घ्यावं. नेदरलँड्समध्ये पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरी असते. लायडन विद्यापीठ आणि अॅमस्टरडॅमची आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्था इथे आशियातल्या गुलाम-व्यापारावर जोमाने काम चालू आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीची सुमारे ५० लाख हस्तलिखित पानं संगणकाने वाचून शोधता येतील अशी करण्याचा ‘ग्लोबलाइज’ प्रकल्पही तिथलाच. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. कोकणातल्या मुलाला डच कागदांत आपला किनारा सापडू शकतो.

अमेरिकेत चांगल्या विद्यापीठांतल्या पीएच.डी.ला फी माफ आणि निर्वाहवेतन मिळतं, म्हणून तिथे प्रवेश हीच शिष्यवृत्ती. येलचं गिल्डर लेहरमन सेंटर १९९८ पासून या विषयावर काम करतं. न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रातलं लॅपिडस सेंटर आणि प्रॉव्हिडन्सची जॉन कार्टर ब्राउन लायब्ररी संशोधकांना ठरावीक मुदतीच्या पाठ्यवृत्त्या देतात. भारतात पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांना फुलब्राइट-नेहरू पाठ्यवृत्तीवर सहा ते नऊ महिने अमेरिकेत काम करता येतं. अमेरिकेशी आपला जुना दुवाही आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं. ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट इथल्या संग्रहात आहे. मराठी विद्यार्थ्याला या दुव्यावर उभा राहिलेला प्रस्ताव तिथे अभिमानाने मांडता येईल. ब्रिटनला अभिलेखागारापुरतंच जायचं असेल, तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टचं अल्पमुदतीचं अनुदान पाहावं. नाशिकचा विषय घेतलेल्याला बर्मिंगहॅम गाठायला ते पुरेसं ठरू शकतं.

मॉरिशसच्या मराठी मुलांचाही इथे विचार करायला हवा. तिथली गुलामगिरी १८३५ मध्ये संपली आणि ऊसमळ्यांवर गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, आणले गेले. त्यांत मुंबई इलाख्यातून गेलेले मराठी लोकही होते. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या स्थलांतराची दप्तरं आहेत. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर भारतात येऊन मुंबईच्या कागदांत त्याची दुसरी बाजू शोधता येते.

अर्जात सर्वांत जास्त नुकसान करतो तो रुंद विषय. ‘मराठा काळातील गुलामगिरी’ असा प्रस्ताव आला की, परीक्षकाला कळतं, याने अजून कागद पाहिलेला नाही. ‘अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातल्या एका किल्ल्यावरच्या कुणबिणींना मिळणारा शिधा आणि त्यांच्याकडून घेतलेलं काम’ असं म्हटलं की, लगेच दप्तरातले कोणते रुमाल, किती वर्षं, मोडी येते का, हे प्रश्न निघतात आणि त्यांची उत्तरं म्हणजेच प्रस्ताव. कुठले कागद पाहिले, त्यांत काय सापडलं, काय सापडत नाही आणि ते आणखी कुठे असू शकेल, एवढं दोन पानांत स्वच्छ लिहावं. लेखनाचा नमुना मागतात, तेव्हा कॉलेजातला निबंध पाठवू नये. कतार डिजिटल लायब्ररीतले पाच-सहा जबाब घेऊन किंवा स्लेव्ह व्हॉयेजेसमधल्या मोझांबिकच्या नोंदी घेऊन एक छोटा लेख तयार करावा. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त एक सुट्टी लागते.

मार्गदर्शकाला लिहायचं पत्र दहा-बारा ओळींचं असावं. त्यांचं एखादं पुस्तक किंवा लेख खरोखर वाचून त्यातल्या एका मुद्द्याशी आपला प्रश्न जोडावा. ब्रिटन-अमेरिकेतल्या बहुतेक मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात, म्हणून हे पत्र पावसाळा संपायच्या आत गेलं पाहिजे. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा बाईंना प्रस्ताव आणि नमुना दोन्ही द्यावेत, म्हणजे ते नेमकं लिहितील.

मुरूड-जंजिऱ्याकडे किंवा कर्नाटकातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी लोकांच्या वस्त्यांत मुलाखती घ्यायच्या असतील, तर प्रस्तावात त्याबद्दल स्वतंत्र परिच्छेद हवा. परवानगी कशी घेणार, नावं छापणार की नाही, टिपून घेतलेलं त्यांना परत वाचून दाखवणार का? कुणाच्या आजी-पणजीची विक्री हा आपल्यासाठी प्रबंधाचा विषय असतो, त्यांच्यासाठी ते घरचं दुःख असतं. परदेशी समित्या हे बारकाईने पाहतात. पाहत नसत्या, तरी ते लिहिणं आपलं कर्तव्य आहे.

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख खातं मोडी लिपीचे वर्ग चालवतात. ज्याला किंवा जिला या विषयाची ओढ आहे, त्यांनी शिष्यवृत्तीच्या जाहिरातीची वाट न पाहता यंदाच त्या वर्गात नाव घालावं. अर्जातली ती एक ओळ इतर पुष्कळ ओळींपेक्षा जास्त वजनाची ठरेल.